मैदान कोणाचे?



या व्यासपीठावर आजवर विद्वान आले, लेखक आले, संशोधक आले. खो-खोच्या मंडळाचा एखादा जुना कार्यकर्ता येथे येऊन तासभर बोलेल असे आपल्यापैकी कोणाला वाटले नसेल. आम्हांला तर मुळीच वाटले नव्हते. पण व्याख्यानमालेचे चिटणीस म्हणाले, "दरवर्षी दहा दिवस आम्ही तुमची जागा अडवतो, तेव्हा एक दिवस तुम्ही बोला, म्हणजे भाडे फिटले." भाडे फेडून घेण्याकरिता आम्ही उभे आहो. बोलण्यात पांडित्य सापडणार नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

चिटणीसांनी 'तुमची जागा' असे म्हटले खरे, पण ही जागा आमची नाही. तुमचीही नाही. ती नेमकी कोणाची, हाच आजचा विषय आहे. आपण ज्या सतरंज्यांवर बसला आहात, त्यांच्या खाली आमच्या खो-खोच्या मैदानाची मध्यपाटी आहे. मंडपासाठी दोन्ही खुंट उपटून त्या कोपऱ्यात ठेवले आहेत. अकराव्या दिवशी सकाळी ते पुन्हा रोवले जातील, खडे वेचले जातील, पाणी मारले जाईल, फक्की टाकून रेषा आखल्या जातील, आणि सूर्य वर यायच्या आत पोरांचा 'खो' शेजारच्या घरांतून ऐकू येईल. गेली कित्येक वर्षे हे असेच चालले आहे. पुढच्या वर्षी चालेल की नाही, हे आज आम्हांला सांगता येत नाही.

प्रथम खेळासाठी जागा लागते किती, हे पाहू. कबड्डीचे पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. खो-खोचे मोठ्या गटाचे मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. भोवतालची मोकळी पट्टी धरली तरी सहा गुंठ्यांच्या आत सगळा कारभार. या खेळांना बॅट लागत नाही, जाळे लागत नाही, बूटही लागत नव्हते. गरिबाच्या घरात जे असते, म्हणजे दोन पाय आणि एक छाती, तेवढ्यावर हे खेळ उभे राहिले. त्यांना विकत न मिळणारी एकच वस्तू लागते, ती म्हणजे मोकळी जमीन. आणि आजच्या काळात नेमकी तीच सर्वांत महाग झाली आहे.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांत आणि महिलांत दोन्हीकडे भारत जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे होते. त्या रात्री आम्ही पेढे वाटले. पेढे घेताना एका गृहस्थांनी विचारले, "आता तुम्हांला मैदान मिळायला हरकत नाही, नाही का?" आम्ही हसलो. विजय झाला की सत्कार होतात, हार पडतात, बक्षिसे जाहीर होतात, आणि हे सर्व योग्यच आहे. परंतु दहा वर्षांचे पोर आज संध्याकाळी कोठे धावणार, हा प्रश्न हाराने सुटत नाही.

आमच्या मंडळाची हकीकत थोडक्यात सांगतो. ती पुष्कळ गावांतल्या पुष्कळ मंडळांची आहे. आम्ही प्रथम एका खळ्यावर खेळलो. सुगी संपली की खळे रिकामे असे, आणि शेणाने सारवलेली ती जमीन पायाला फार गोड लागे. पुढे तेथे गोदाम झाले. मग नदीच्या वाळवंटात गेलो. पावसाळ्याचे चार महिने नदी आम्हांला सुटी देई. तेथून वाळू उपसली जाऊ लागली आणि खड्ड्यांत पाय मोडू लागले. त्यानंतर एका शाळेच्या मागच्या अंगणात थारा मिळाला. शाळेची पटसंख्या वाढली, नव्या खोल्या आल्या, अंगण गेले. नंतर बाजारतळ. आठवड्याचे सहा दिवस आमचे, सातवा भाजीवाल्यांचा. तेथे पक्के ओटे बांधले गेले. पाचवी जागा ही.

यांतल्या कोणत्याही ठिकाणी आमच्यावर कोणी जुलूम केला असे आम्ही म्हणणार नाही. गोदाम हवे होते, वर्गखोल्या हव्या होत्या, ओटेही हवे होते. प्रत्येक वेळी कारण चांगलेच होते, आणि प्रत्येक वेळी गेले ते मैदान. असे का व्हावे? कारण रिकामी जागा लोकांना रिकामी दिसते. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात तेथे शंभर मुले असतात. पण कचेरीच्या वेळेत, दुपारी बारा वाजता, जो साहेब पाहणीला येतो त्याला तेथे एक शेळी आणि दोन कागद उडताना दिसतात. तो लिहून जातो, 'जागा पडीक आहे.'

श्रोतेहो, हा झगडा आजचा नाही. मुंबईच्या किल्ल्याबाहेर एस्प्लनेडचे मोठे मैदान होते. त्यावर पारशी तरुण क्रिकेट खेळू लागले आणि 1848 साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. त्यांच्या मागोमाग हिंदू आले, मुसलमान आले. मोडकी साधने, एकमेकांच्या खेळात घुसलेले खेळ, पण उत्साह दांडगा. 1875 साली तेथेच गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना झाला. त्याच्या हिरव्यागार आवारात देशी माणसाला प्रवेश नव्हता. त्याबद्दलही कोणी फारसे बोलले नाही. पण जिमखान्याच्या मंडळींना पोलोचा शौक होता, आणि घोडे काही त्यांनी आपल्या हिरवळीवर आणले नाहीत. ते आणले एतद्देशीयांच्या खेळण्याच्या जागेवर. टापांनी जमीन उखडली जाई, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांत पोरांनी चेंडू टाकायचा. उसळलेला चेंडू कपाळावर बसायचा.

1881 साली चारशेंहून अधिक देशी खेळाडूंनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांना अर्ज केला. मागणी किती साधी होती! पोलो बंद करा असेही त्यांचे म्हणणे नव्हते; पोलोला दुसरी जागा द्या, एवढेच. अर्ज मान्य झाला आणि पोलो कूपरेजकडे गेला. पण जिमखानेवाल्यांना ती जागा पसंत पडेना. त्यांनी सरकारदरबारी आपले वजन खर्च केले, आणि 1883 मध्ये घोडे परत त्याच मैदानात आले. मूठभरांचा शौक एकीकडे आणि शेकडो मुलांचा खेळ दुसरीकडे. तागडी कोणीकडे झुकली हे सांगायला नको. या साऱ्या झगड्याची हकीकत शापूरजी सोराबजी या पारशी खेळाडूने 1897 साली पुस्तकरूपाने छापली. क्रिकेटवर हिंदी माणसाने लिहिलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक, आणि त्याचा अर्धा विषय धावा आणि बळी हा नसून जागा हा आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे काय झाले? देशी खेळाडूंना मैदान मिळाले, पण निराळ्या रीतीने. समुद्राला हटवून काढलेल्या किनाऱ्यावर 1887 च्या सुमारास पारशी जिमखान्याला भूखंड मिळाला; नंतरच्या काही वर्षांत मुसलमानांच्या जिमखान्याला मिळाला, आणि 1894 साली हिंदू जिमखाना उभा राहिला. मरीन ड्राइव्हवरून जाताना ही आवारे आजही ओळीने दिसतात. ज्यांनी ती मिळवली त्यांच्या चिकाटीला आमचा नमस्कार आहे. पण एक गोष्ट त्या घालमेलीत हरवली. एस्प्लनेडवर सगळे एकमेकांच्या अंगावर पडत खेळत होते. येथे प्रत्येकाला आपले कुंपण मिळाले. मागणी होती सर्वांच्या मैदानाची आणि हाती आले ज्याचे त्याचे आवार.

कुंपणाच्या आतही सर्वांना सारखी जागा नव्हती. पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबात पाळवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला तरुण मैदानाची राखण करी, खेळपट्टीवर रूळ फिरवी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. त्याचा हात एवढा पटाईत झाला की पुण्याच्या हिंदू क्लबाला त्याच्यावाचून गत्यंतर उरले नाही. मैदानात त्याने टाकलेल्या चेंडूवर सर्वांनी टाळ्या पिटायच्या, आणि चहाच्या वेळी त्याने बाहेर उभे राहून निराळ्या मातीच्या भांड्यात चहा घ्यायचा! 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात या माणसाने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे नेतृत्व त्याला लाभले नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला 1923 साली मिळाले. मैदान राखणारा मैदानाचा धनी कधी होतो, या प्रश्नाचे उत्तर मिळायला पाव शतक लागले.

आता जरा सुखाची गोष्ट सांगतो. 1906 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली. आपले खो-खो, आट्यापाट्या हे खेळ तोवर गल्लोगल्ली निरनिराळ्या रीतींनी खेळले जात. त्यांना नियमांची शिस्त लावण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. खो-खोचे नियम तेथे 1914 साली लिहिले गेले. तेथल्याच शर्यतींत अनवाणी धावणारे तरुण पाहून संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना ऑलिंपिकची कल्पना सुचली, आणि 1920 साली अँटवर्पला हिंदी खेळाडूंची तुकडी गेली. त्यांतले फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. आज पुण्यात 'डेक्कनला जातो' म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना आपण एका क्रीडासंस्थेचे नाव घेत आहो याची आठवणही नसते. एवढ्या मोठ्या वस्तीला खेळाच्या संस्थेचे नाव मिळाले.

मुंबईचे शिवाजी पार्क घ्या. 1925 साली महापालिकेने ते लोकांना खुले केले, आणि 1927 मध्ये शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला ते नाव मिळाले. भोवतीच्या बहुतेक इमारती त्यानंतरच्या. मैदान आधी, घरे मागून. नगर आखताना मोकळ्या जागेची रेघ पहिल्याने ओढली, म्हणून ती टिकली. जेथे घरे आधी बांधून उरलेल्या कोपऱ्याला मैदान म्हणायचे ठरते, तेथे कोपरा उरतच नाही.

पण रेघ ओढली म्हणजे काम झाले, असेही समजू नका. गिरणगावाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. लालबाग-परळच्या चाळींतून कबड्डीच्या संघांनी जो खेळ केला, त्याची आठवण जुने मुंबईकर अजून काढतात. 1982 चा संप झाला, गिरण्या ओस पडल्या, आणि सुमारे 600 एकर जमिनीचे काय करायचे हा प्रश्न आला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 वा नियम होता. त्याचे सार असे, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी, आणि उरलेली मालकाला. म्हणजे शेकडो एकरांपैकी मोठा वाटा लोकांच्या श्वासासाठी. 2001 साली नियमात दुरुस्ती झाली: हा वाटा सबंध जमिनीवर मोजायचा नाही, ज्या भागावर आधीपासून बांधकाम नाही तेवढ्याच भागावर मोजायचा. गिरणीच्या आवारात इमारती व शेड यांनी बहुतेक जमीन व्यापलेली. मोकळी ती केवढी? प्रकरण न्यायालयात गेले, आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. कोणी कुदळ उचलली नाही, कोणी पोरांना हुसकावले नाही. मोजण्याची रीत बदलली आणि मैदाने झाली नाहीत.

हे सर्व आपल्याला कशासाठी सांगतो? ज्या जमिनीवर आपण बसलो आहो, तिच्यावर हीच वेळ आली आहे म्हणून.

ही जमीन एका गृहस्थांच्या मालकीची आहे. गावाच्या विकास योजनेत तिच्यावर 'खेळाचे मैदान' असे आरक्षण आहे. त्यांच्या वडिलांनी आम्हांला तोंडी परवानगी दिली होती, आणि आम्ही ती सात जन्मांची समजून बसलो. आता कायदा काय म्हणतो ते ऐका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. त्याचे कलम 127. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पूर्वी अशा नोटिशीनंतर सहा महिन्यांची मुदत असे, मग बारा महिन्यांची झाली, 2015 च्या दुरुस्तीने ती चोवीस महिन्यांची झाली. त्या मुदतीत संपादन झाले नाही, किंवा संपादनाच्या दिशेने पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपते. मग नकाशावरचा हिरवा रंग पुसला जातो आणि कोणाच्याही सहीची गरज उरत नाही.

येथे एक मेख आहे. नुसता ठराव करून ठेवला म्हणजे पाऊल पडले, असे पुष्कळांना वाटते. 2007 साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पाऊल म्हणजे खरोखरीच्या संपादनाकडे नेणारी कार्यवाही. कागदी घोडे नव्हेत. आपल्या मालकांनी तेरा महिन्यांपूर्वी नोटीस दिली. अकरा महिने उरले आहेत. नगरपरिषदेत ठराव झाला आहे, आणि तो फायलीत आहे.

मालकांना आम्ही खलपुरुष ठरवीत नाही. दहा-पंधरा वर्षे स्वतःच्या जमिनीवर त्यांना घर बांधता आले नाही, ती विकता आली नाही, आणि मोबदल्याचा एक पैसाही त्यांच्या हाती आला नाही. आम्ही मात्र तेथे फुकट खेळलो. त्यांना त्यांचे मिळाले पाहिजे. रोख रकमेऐवजी दुसरीकडे बांधकामाचा हक्क देण्याची सोयही कायद्यात आहे. मालकाचा तोटा करून मैदान ठेवा असे आम्ही म्हणत नाही. गावाने आपली किंमत भरून ते घ्यावे, असे म्हणतो.

आता जे सांगायचे ते सांगताना जीभ अडखळते; पण ते न सांगता बसलो, तर हे व्याख्यान खोटे ठरेल.

नोटिशीची बातमी कळली तेव्हा आम्ही सह्यांची मोहीम काढली. आमची अटकळ अशी, की गाव लोटेल. पहिल्या आठवड्यात ज्या सह्या झाल्या त्या आमच्या खेळाडूंच्या आणि त्यांच्या आईबापांच्या. मागच्या वस्तीत गेलो. तेथे एक बाई धुणे वाळत घालीत होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, आणि परत दिला. म्हणाल्या, "ग्राउंड तुमच्या मंडळाचं ना? मग सही तुमचीच पुरे. आमच्या पोराला तर तुम्ही फाटकाबाहेर काढलंत."

त्या बाईंनी सांगितले ते खरे होते. काही वर्षांपूर्वी आम्ही देणग्या गोळा करून भोवती तार ओढली, फाटक बसवले आणि कुलूप लावले. कारणे चांगलीच होती. गोदामाची होती तशीच चांगली. मैदानावर गुरे येत, रात्री बाटल्या फुटत, काचा पायांत जात. पण कुलूप लागल्यावर गुरांबरोबर वस्तीतली मुलेही बाहेर राहिली. रबरी चेंडूने खेळणारी पोरे 'आमची पाटी उखडतात' म्हणून आम्ही हुसकावली. पहाटे फेऱ्या मारणाऱ्या बायकांना 'सरावाची वेळ आहे' म्हणून परत पाठवले. मुलींच्या संघाला वेळ दिली ती भर उन्हाची, चारची, कारण पाचनंतरची वेळ मुलांची. बॉम्बे जिमखान्याने जे केले ते वाचून आमचे रक्त तापत असे. आणि आमच्या खिशात फाटकाची किल्ली होती.

त्या दिवशी संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. ती शांतपणे झाली असे म्हणता येणार नाही. एक सभासद म्हणाले, "घाम आम्ही गाळला, माती आम्ही चाळली, आणि आता सगळ्यांना मोकळे रान?" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. ज्याने मैदान राखले त्याचा त्यावर काही हक्क असतोच. पण तो हक्क राखण्याचा आहे, दुसऱ्याला अडवण्याचा नाही, एवढे अखेर बहुमताने ठरले. कुलूप काढले. फाटकावर पाटी लावली: पहाटे चालणाऱ्यांसाठी, मग सरावासाठी, दुपार मोकळी, पाच ते सहा मुली, सहा ते सात मुले, आणि रविवारी सकाळी जो येईल त्याचे मैदान.

याची किंमत पडली, तीही सांगतो. पहिल्या महिन्यात फक्कीचे पोते नाहीसे झाले. एका चेंडूने शेजारच्यांची काच गेली. आम्ही भरून दिली. रविवारी मध्यपाटीवर क्रिकेटच्या यष्ट्या रोवलेल्या पाहून आमच्या जुन्या मंडळींचे डोके फिरते. पण त्याच वस्तीतल्या दोन मुली आज आमच्या संघात आहेत, आणि त्यांतली एक पळतीला उभी राहिली की हाती लागत नाही. ती त्या बाईंची धाकटी. सह्यांचा कागद आम्ही पुन्हा घेऊन गेलो नाही. बाईंनीच तो मागून घेतला आणि वस्तीतून भरून आणून दिला.

तेव्हा मैदान कोणाचे, या प्रश्नाला आमचे उत्तर असे: जे लोक ते वापरतात त्यांचे; आणि वापरणारे थोडे असतील तर ते फार दिवस टिकत नाही. बंगळूरला एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा रुग्णालयासाठी एका संस्थेला देण्यात आली होती. रुग्णालयाला कोण नको म्हणेल? तरी रहिवासी उठले, न्यायालयात गेले, आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार रद्दबातल ठरवला. मोकळी जागा ही रहिवाशांच्या हक्काची बाब आहे, हे त्या निकालाने सांगितले. तो खटला एखाद्या क्लबाने लढवलेला नव्हता. शेजारीपाजारी राहणाऱ्या माणसांनी लढवला होता.

आता मागणे. पैसे मागत नाही, घाबरू नका.

पहिले मागणे असे, की नगरपरिषदेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेला आपण यावे. प्रेक्षकांत गप्प बसायचे. गोंधळ करायचा नाही. ठराव झाला, पण संपादनाचा प्रस्ताव वर गेला काय, मोबदल्याची तरतूद अंदाजपत्रकात आहे काय, एवढे दोन प्रश्न आपापल्या नगरसेवकाला लेखी विचारायचे. उत्तर लेखीच घ्यायचे.

दुसरे असे, की गावाच्या विकास योजनेचा नकाशा एकदा डोळ्यांखाली घालावा. तो नगरपरिषदेत पाहायला मिळतो. आपल्या गल्लीच्या आसपास हिरवा तुकडा कोठे आहे, तो आज जमिनीवर कसा दिसतो, हे ज्याने त्याने पाहावे. योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचनांना मुदत असते. लग्नाच्या पत्रिकेवरची तारीख आपण विसरत नाही; ही तारीखही लक्षात ठेवायला शिकले पाहिजे. आमचे मंडळ चाळीस वर्षे खेळाचे नियम शिकवीत राहिले. जमिनीचे नियम शिकले नाही. ती चूक तुम्ही करू नका.

तिसरे मागणे सर्वांत सोपे आणि आमच्या मते सर्वांत मोठे. येथे या. खेळायला या, चालायला या, नातवाला घेऊन नुसते बसायला या. दुपारी बारा वाजता पाहणीला येणाऱ्या साहेबाला येथे शेळीऐवजी माणसे दिसू द्या.

अकरा महिन्यांनी काय होईल, ते आम्हांला ठाऊक नाही. कदाचित पुढल्या वसंतात याच मंडपात भेटू. कदाचित चिटणीसांना दुसरी जागा शोधावी लागेल आणि आम्हांला सहावी. मैदान गेलेच तर दोष एकट्या नगरपरिषदेचा नसेल, एकट्या मालकांचा तर नाहीच. त्यात मोठा वाटा त्या कुलपाचा असेल, आणि ते आम्ही लावले होते. ते आज जाहीरपणे कबूल करण्यासाठीच आम्ही चिटणीसांचे बोलावणे स्वीकारले.

परवा मालेचा समारोप आहे. तेरवा सकाळी साडेपाचला खुंट रोवायचे आहेत. मंडपाची दोरखंडे सोडायला, सतरंज्या घड्या करायला आणि खडे वेचायला चार हात अधिक मिळाले तर आनंद होईल. ज्यांना शक्य आहे त्यांनी यावे. मैदान कोणाचे, याचे उत्तर तेथे सर्वांत लवकर मिळेल.